लेबलावरचे दोन चौकोन

आमच्या दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक औषधाच्या लेबलावर खालच्या कोपऱ्यात दोन छोटे चौकोन असतात. पहिल्यात औषध काढणाऱ्याने आपली आद्याक्षरं टाकायची, दुसऱ्यात तपासणाऱ्याने. जो काढतो त्याने तपासायचं नाही. दोन्ही चौकोनांत एकच अक्षरं दिसली की आमचे मालक चष्म्यावरून बघायचे आणि एवढंच विचारायचे, "आज अकेली थी क्या, बेन?"

या नियमामागे कुणावर अविश्वास नाही. रक्तदाबाचं ॲम्लोडिपिन काढायला गेलो आणि हातात नैराश्यावरच्या ॲमिट्रिप्टिलिनचा डबा आला, तरी डोळे ॲम्लोडिपिनच वाचतात, कारण मनाने ते आधीच वाचून टाकलेलं असतं. दुसऱ्याच्या मनाने काही ठरवलेलं नसतं, म्हणून त्याला डबा दिसतो. अठरा वर्षं मी या चौकोनांत अक्षरं टाकली. आधी पहिल्यात, मग परीक्षा देऊन चेकिंग टेक्निशियन झाले तेव्हा दुसऱ्यात. आणि ज्या कामात हा नियम सगळ्यांत जास्त लागणार होता, तिथे दोन्ही चौकोन मी एकटीने भरले. ते काम म्हणजे माझ्या साठवलेल्या पैशांची गुंतवणूक.

ते पैसे कशासाठी होते ते आधी सांगते.

मी नागपूरची. बी.फार्म. केलं, तिथल्या एका हॉस्पिटलच्या फार्मसीत दोन वर्षं काम केलं आणि लग्न करून इथे, इंग्लंडमध्ये आले. नवरा पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, नोकरी मिल्टन कीन्समध्ये. माझी पदवी इथे चालवायची तर वर्षभराचा कोर्स, मग वर्षभर प्रशिक्षण, मग परीक्षा. पहिली काही वर्षं व्हिसात गेली, मग मुलगी झाली, मग घराचे हप्ते. 'पुढच्या वर्षी' हे मी इतक्यांदा म्हणाले की लोकांनी विचारणं सोडलं. माझे वडील कारखान्यात कामगार होते. घरातली पहिली पदवी माझी. कागद हातात आला तेव्हा ते म्हणाले होते, "हा भिंतीवर टांगायसाठी नाही बरं." मी भिंतीवरही टांगला नाही. बॉयलरच्या कपाटात, वॉशिंग मशीनच्या गॅरंटीबरोबर एका फाइलीत ठेवून दिला.

दुकान सर्जरीला, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्याला, लागून. मालक गुजराती, लहानपणी पूर्व आफ्रिकेतून इथे आलेले, स्वतः फार्मसिस्ट. मी त्यांना भाई म्हणते, ते मला बेन. त्यांच्याशी माझं बोलणं इंग्रजीत सुरू होतं आणि काही महत्त्वाचं निघालं की हिंदीवर येतं.

मग आमच्याकडे रोबोट आला. रोबोट म्हटल्यावर लोकांना हातपाय असलेला काहीतरी वाटतो. हा म्हणजे एक लांबलचक बंद कपाट, आत रुळावर सरकणारा एक हात. संगणकावर नाव टाकलं की हात जातो, डबा शोधतो आणि काउंटरमागच्या घसरगुंडीतून खाली सोडतो. त्याच्यासाठी भाईंनी मागची भिंत पाडली, आमची जेवायची खोली त्याला दिली, वेगळा एसी लावला. धूळ चालत नाही, उकाडा चालत नाही, जवळ कुणी जोरात दार आपटलेलं चालत नाही. मी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव जावई ठेवलं. भाईंना ते इतकं आवडलं की तेही म्हणायला लागले. फोडलेला अर्धा डबा जावयाला कळत नसे, तो माणसानेच ठेवायचा. बाकी तो चुकत नसे. आठ महिने मी त्याच्या चुका शोधत होते. एकही सापडली नाही.

नवव्या महिन्यात भाईंनी मला मागे बोलावलं.

"बेन, बुरा मत मानना. मशीन डिब्बा देता है. तुम भी डिब्बा देती हो."

"और मशीन चाय भी नहीं पीता," मी म्हणाले.

"वो तो है." त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते आवरलं. माझे पाच दिवस साडेतीन दिवसांवर येणार होते. मग ते म्हणाले, "मशीन ब्लडप्रेशर नहीं देखेगा. गला दुखता है तो दवा नहीं लिखेगा. अब काम सब फार्मसिस्ट का है. तुम्हारी डिग्री पड़ी है ना कहीं?"

"बॉयलर के पास."

"निकालो. ट्रेनिंग का साल मैं दूँगा. लेकिन मैं भी साठ पार हूँ, दो-तीन साल में दुकान बेच दूँगा. नया मालिक देगा कि नहीं, मुझे मालूम नहीं. जल्दी करो."

घरी आल्यावर मी फाइल काढली. पन्नाशीला दीड वर्ष उरलं होतं. भाई दुकान विकायच्या आत कोर्स संपवायचा, तर येत्या सप्टेंबरला नाही तर फार तर त्याच्या पुढच्या सप्टेंबरला वर्गात बसायलाच हवं होतं. त्यानंतर दार बंद.

कोर्ससाठीचे पैसे माझ्याकडे जवळजवळ होते. शनिवारच्या जादा पाळ्या, आणि मिल्टन कीन्समधल्या आम्हा दहाजणींची भिशी, जी मला दोनदा लागली होती. हे सगळं मी एका करमुक्त बचतखात्यात टाकलं होतं. इथे त्याला आयसा म्हणतात. व्याज यायचं, पण महागाई त्याच्यापेक्षा लांब ढांगा टाकत होती. वॉटफर्डच्या भारतीय दुकानांत गेलं की तूरडाळीची मोठी पिशवी आणायची माझी सवय. तिची किंमत बघून मी एकदा ती परत ठेवली आणि छोटी घेतली, आणि मग स्वतःचाच राग येऊन मोठी उचलली. गॅसचं बिल नवरा मला दाखवायचा बंद झाला होता. आणि कोर्सची फीही दरवर्षी वाढत होती. रेडवेवर, इथल्या लाल पायवाटेवर, पुढे चाललेल्या माणसाला गाठायला आपण झपाझप निघावं आणि त्याच वेळी त्यानेही पाय उचलावा, तसं चाललं होतं.

भिशीच्या दिवशी मी हे बोलले. आमच्यात एक नागपूरचीच मैत्रीण आहे, एका गोदामात पगाराचं काम बघते आणि फोनवरून शेअर घेते-विकते. ती म्हणाली, "काय करून राहिली तू? बँकेत ठेवून पैसे वाळवून राहिली, पापडासारखे?"

"पापड वाळले तर तळता तरी येतात," दुसरी एक म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य माझ्याबरोबर गाडीत बसून घरी आलं.

नवऱ्याचं मत मला माहीत होतं. तो म्हणाला असता, मुदतठेव कर. कुठलाही प्रश्न विचारा, तो आधी स्प्रेडशीट काढतो आणि शेवटी मुदतठेव म्हणतो. म्हणून मी त्याला विचारलं नाही. हे मी तेव्हा लपवणं मानलं नाही. वेळ वाचवणं मानलं.

जावयाची तपासणी करायला कंपनीचा एक इंजिनिअर यायचा. उंच, अबोल माणूस. त्या वेळी तो आला तेव्हा मी त्याला चहा दिला. त्याने दोन घोट घेतले आणि कप तसाच ठेवून हत्यारं आवरली. मी विचारलं, फार काम आहे का? तो म्हणाला, "सोमवारपासून घर पाहिलेलं नाही. दीड वर्षाच्या ऑर्डरी घेऊन ठेवल्यात त्यांनी."

मी ते ऐकलं आणि माझ्या डोक्यात हिशेब जुळला. रोबोट बनवणारी कंपनी युरोपातली, शेअर बाजारात नोंदलेली. बाजारातल्या शहाण्या लोकांनी तिचे अहवाल वाचले असतील, पण जावयाबरोबर आठ महिने संसार कुणी केला होता? मी. तो चुकत नाही हे मला ठाऊक होतं. प्रत्येक दुकानाला तो लागणार हे मला दिसत होतं. आणि त्याहून पक्का वाटलेला मुद्दा हा की जावई माझे तास खाणारच असेल तर त्याच्या कमाईतला वाटा मला मिळू दे. पगार कमी झाला तर शेअर वाढेल. एक हात रिकामा, दुसरा भरलेला. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आधी थोडे पैसे लावले. ते वाढले. मग खात्यातले सगळे त्याच एका कंपनीत लावले. बटण दाबायच्या आधी फोनने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? मी दाबलं, आहे. एवढीच काय ती तपासणी. पहिला चौकोन मी, दुसराही मी.

पुढचे काही महिने मी हुशार होते. दुकानात चहाच्या वेळी फोन बघायचा आणि आकडा वर गेलेला असायचा. साडेतीन दिवसांच्या पगाराचं मला काही वाटेनासं झालं. अर्जाची तयारी सुरू केली. त्यात इंग्रजीची परीक्षा होती. अठरा वर्षं इथल्या म्हाताऱ्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते इंग्रजीत समजावणाऱ्या बाईने बेसिंगस्टोकला जाऊन एका खोलीत बसायचं आणि इंग्रजी येतं हे सिद्ध करायचं. तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंनी विषय दिला, तुम्हाला उपयोगी पडलेल्या एका यंत्राबद्दल बोला. दोन मिनिटं बोलायचं होतं. मी जावयावर सुरू झाले, बाईंना मला हात करून थांबवावं लागलं.

फेब्रुवारीत कोर्सला प्रवेश मिळाला. पहिली रक्कम मेच्या शेवटापर्यंत भरायची, नाही तर जागा दुसऱ्याला. उरलेली फी सप्टेंबरात आणि जानेवारीत. मी पत्र फ्रिजवर लावलं. नवरा म्हणाला, "पैसे कुठल्या खात्यातून?" मी म्हणाले, "आहेत." त्याने पुढे विचारलं नाही. तेव्हा शेअर विकून रक्कम बाजूला ठेवायला हवी होती. मी म्हटलं, अजून तीन महिने आहेत, वाढताहेत तर वाढू देत.

एप्रिलमध्ये इंजिनिअर पुन्हा आला. मी चहा दिला. या वेळी त्याने तो पूर्ण प्यायला. मग दुसरा मागितला. मुलाच्या फुटबॉलबद्दल सांगत बसला. मला वाटलं, ओळख वाढली.

त्याच महिन्यात भाईंनी जावयाचा देखभालीचा करार महागडा होता तो स्वस्तातल्यावर आणला. "सरकार जितना देता है उसमें दवा का दाम भी नहीं निकलता," ते म्हणाले. इथे औषधांचे पैसे दुकानदाराला सरकारकडून मिळतात. "बिजली देखी है? जमाई का एसी मेरे घर से ज़्यादा खाता है." दोन राउंडअबाउट पलीकडचं औषधाचं दुकान बंद झालं, तिथले पेशंट आमच्याकडे यायला लागले. रांग वाढली. मला वाटलं, बरंय, आपलं काम वाढलं.

या तिन्ही गोष्टी माझ्यासमोर, एकाच काउंटरवर घडल्या आणि मला ॲम्लोडिपिनच दिसत राहिलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने जाहीर केलं की दुकानदार ऑर्डरी पुढे ढकलताहेत, काही रद्द करताहेत, यंदा नफा नाही. सगळा बाजार त्या दिवसांत तसाही हेलकावे खात होता. या शेअरने तर कडाच सोडली. मी सकाळी सर्जरीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन उघडला, आणि आकडा चुकीचा आला असेल म्हणून बंद करून पुन्हा उघडला. आठवडा संपेपर्यंत दहा पौंडांतले साडेपाच उरले होते.

मैत्रिणीला फोन केला. तिचेही काही शेअर पडले होते, पण ती शांत होती. "विकू नको. पडलेलं वर येतेच. घाबरून विकणारीच बुडते, समजलं का?"

"कधी येईल वर?"

"ते काय मी सांगू? सहा महिने, वर्ष, दोन वर्षं."

"मला तीन आठवड्यांत रक्कम भरायची आहे."

"मग उसने घे कुणाकडून. पण विकू नको, बावळटासारखी."

तिचा सल्ला चुकीचा नव्हता. खरं तर बरोबर होता, आणि हीच माझी पंचाईत होती. कंपनी चांगली होती. यंत्र चांगलं होतं. आज नाही तर उद्या दुकानं ते घेणारच होती. आठवडाभर मी दोन्ही बाजूंनी विचार करत होते. थांबले तर जागा जाईल, विकले तर निम्म्याच्या जवळ नुकसान पदरात बांधून घ्यावं लागेल, आणि पूर्ण फी तरीही भरणार नाही. तिसरी वाट सापडत नव्हती. त्या रविवारी मी विहारातही गेले नाही, कारण तिथे कुणीतरी कोर्सबद्दल विचारलं असतं.

दुकानात चूक पेशंटपर्यंत जायच्या आत पकडली गेली तर आम्ही एक फॉर्म भरतो, नियर मिसचा. काय झालं, का झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. कुणाला शिक्षा नसते. फक्त लपवायचं नसतं, आणि फॉर्म भरणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाने तो वाचायचा असतो. पुढच्या रविवारी सकाळी मी दुकानातून आणलेला एक कोरा फॉर्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि भरायला बसले. नवरा शेजारी शर्टांना इस्त्री करत होता.

'का झालं' या रकान्यात मी आधी लिहिलं, बाजार पडला. ते खोडलं. औषध चुकलं तर आम्ही 'डबे सारखे दिसत होते' एवढ्यावर सोडत नाही. पुन्हा विचार केला आणि तेव्हा पहिल्यांदा इंजिनिअरचा रिकामा कप आठवला. मग देखभालीचा करार, मग बंद पडलेलं दुकान. माझा एक हात रिकामा, दुसरा भरलेला हा सगळा हिशेब कोसळला. दुकानदाराकडे पैसे नसले की तो दोन गोष्टी करतो. माणसांचे तास कापतो आणि नवं यंत्र घेत नाही. माझा पगार आणि माझे शेअर एकाच खिशातून येत होते, भाईंच्या, आणि भाईंसारख्यांच्या. मी यंत्र आठ महिने पाहिलं. यंत्र घेणाऱ्याचा खिसा रोज समोर होता, तो पाहिला नाही.

फॉर्म भरून मी नवऱ्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"नियर मिस. वाचा आणि तपासा."

त्याने इस्त्री उभी केली, वाचलं. दोनदा वाचलं. "नियर कुठाय यात? हे तर पार लागलंय."

"रागवायचं नंतर. आधी तपासा."

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही स्प्रेडशीट काढली असती."

"काढलीच असती!" तो म्हणाला. "बावीस वर्षांत काढलेल्यांपैकी नेमकी हीच उपयोगी पडली असती." मग एक शर्ट घडी करून ठेवला. पुण्याचा माणूस असा वेळ घ्यायला लागला की समजावं, वाक्य जुळवतोय. मी वाट पाहिली. पण तो चिडून बोलला नाही. त्याने फॉर्मवर बोट ठेवलं आणि विचारलं, "तुम्ही लोक तपासताना पहिल्यांदा काय बघता? औषधाचं नाव?"

"नाही. पेशंटचं नाव."

"औषध नाही?"

"औषध नंतर. आधी कुणासाठी आहे ते. औषध कितीही बरोबर असलं आणि भलत्या माणसाच्या पिशवीत गेलं, तर ते चुकीचंच."

"मग हे पैसे कुणाच्या नावाचे होते?"

सप्टेंबरच्या कोर्सच्या नावाचे. पहिल्या दिवसापासून. आठवडाभर मी औषध चांगलं की वाईट याचाच विचार करत होते. शेअर उद्या वर येईल का, हा प्रश्न या पैशांचा नव्हताच. दहा वर्षांनी लागणाऱ्या पैशांनी तो प्रश्न विचारावा. माझे पैसे मेमध्ये, सप्टेंबरात आणि जानेवारीत लागणार होते. मैत्रिणीचा सल्ला तिच्या पैशांसाठी बरोबर होता, कारण तिच्या पैशांना कुठे वेळेवर पोचायचं नव्हतं.

"उद्या विकते," मी म्हणाले.

"सगळे?"

"सगळे. थोडे ठेवले तर मी रोज बघत बसेन."

त्याने कागद उलटा करून मागे बेरीज केली. मेची रक्कम आणि सप्टेंबरचा हप्ता निघत होता. जानेवारीचा नाही. "तो मी भरतो," तो म्हणाला.

"नको. तुम्ही भरलात तर जन्मभर बोलून दाखवाल."

"ते तर असंही दाखवणारच आहे."

"मग अर्धा भरा आणि अर्धंच बोला."

त्याने यावर विचार केला. खरंच केला, चेहऱ्यावर दिसत होतं. मग म्हणाला, "मंजूर," आणि इस्त्री उचलली.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी, त्याच पार्किंगमध्ये, मी विकायची मागणी तयार केली. फोनने विचारलं, तुम्हाला खात्री आहे का? या वेळी मी पडद्याचा फोटो नवऱ्याला पाठवला. कंपनीचं नाव, किती शेअर, विकणे की घेणे, सगळं त्याने वाचलं आणि उत्तरात आपली आद्याक्षरं पाठवली. मग मी बटण दाबलं. पैसे खात्यात आले त्याच दिवशी मेची रक्कम भरली. त्यानंतर आत जाऊन जावयाच्या काचेवरची धूळ पुसली. त्याचा काही दोष नव्हता.

जानेवारीच्या माझ्या अर्ध्या हप्त्यासाठी मी उन्हाळाभर शनिवारी दुसऱ्या दुकानात तपासणीचं काम केलं, जिथे रोबोट नव्हता आणि बहुतेक येणारही नव्हता. तिथली पोरं मला भराभर पिशव्या द्यायची आणि मी एकेक परत करायची. मला जरा खडूस म्हणत असतील. म्हणू देत.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हे सगळं फार सोयीचं वाटेल. ऑक्टोबरात तो शेअर पुन्हा वर चढायला लागला. मैत्रिणीने रात्री फोनवर आलेख पाठवला, खाली लिहिलं, 'म्हटलं होतं ना तुला.' नोव्हेंबरपर्यंत मी विकलं त्याच्या वर बराच गेला होता, माझ्या खरेदीच्या भावाच्या अगदी जवळ. मी थांबले असते तर जवळजवळ सगळं भरून आलं असतं. आणि मी वर्गात नसते. मी तिला लिहिलं, 'अभिनंदन, आता पार्टी दे.' ते मनापासून लिहिलं, आणि लिहून झाल्यावर मूत्रपिंड निकामी असताना औषधाचं प्रमाण कसं कमी करायचं त्या गणिताकडे वळले. माझ्या वर्गात तीस जण आहेत. बहुतेक माझ्या निम्म्या वयाचे. एक नायजेरियाची मुलगी मला आंटी म्हणते आणि माझ्या वहीचे फोटो काढते.

गुंतवणूक मी सोडलेली नाही. ती सोडणं म्हणजे एका चुकीच्या गोळीमुळे दवाखाना बंद करणं. महागाई काही कोर्सला जात नाही, ती आपलं काम करतेच आहे. दर महिन्याला थोडी रक्कम, जी पुढची दहा वर्षं लागणार नाही, ती जगभरच्या शेकडो कंपन्यांत वाटून जाणाऱ्या एका साध्या फंडात जाते. त्यात कुठेतरी जावयाची कंपनीही असेल, चिमूटभर. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याच्या एक तारखेखाली मी पेनने दोन चौकोन आखलेत. पहिल्यात मी, दुसऱ्यात नवरा. त्याच्या मुदतठेवींसाठीही तसेच दोन चौकोन आहेत, पहिल्यात तो आणि दुसऱ्यात मी. गेल्या महिन्यात मी एक परत केली. नूतनीकरणाला तो कमी व्याजाच्या जुन्या ठेवीतच पैसे पुन्हा टाकत होता. "सवय," तो म्हणाला. मी म्हणाले, "नियर मिस. फॉर्म भरा." त्याने भरला. अक्षर फार वाईट आहे त्याचं.

भाई अजून दुकान विकत नाहीत. गिऱ्हाईक येऊन गेलं, भाव जमला नाही. प्रशिक्षणाचं वर्ष त्यांनी कागदावर लिहून दिलं आहे, खाली त्यांची सही आणि त्यांच्या बायकोची. बायकोची कशाला विचारलं तर म्हणाले, "तुमने ही तो सिखाया, बेन."

गेल्या शुक्रवारी मी परीक्षेची उजळणी करत ग्रंथालयात बसले होते. फोन थरथरला. भाई. बाहेर जिन्यात जाऊन उचलला.

"बेन, जमाई रूठ गया. हाथ बीच में अटका है. बाहर लाइन लगी है."

"कंपनी को फोन कीजिए ना."

"सस्ता वाला करार है. मंगलवार को आएँगे."

"भाई, मेरा सोमवार को पेपर है."

"मालूम है, मालूम है. सिर्फ बताओ, वो पीछे का बटन कितनी देर दबाते हैं?"

"दस सेकंड. छोड़ना नहीं. और अंदर कोई डिब्बा आड़ा पड़ा होगा, वो पहले निकालिए."

पलीकडून बटण दाबल्याचा आवाज आला. मग ते मोठ्याने मोजायला लागले. सातपर्यंत आले आणि थांबले, कारण काउंटरवर कुणीतरी काहीतरी विचारलं.

"भाई, छोड़ दिया क्या?"

"हाँ."

"फिर से, एक से," मी म्हणाले, आणि या वेळी त्यांच्याबरोबर मीही मोजलं.